बंगळुरूची उपनगरी रेल्वे : निधी मंजूर, मार्ग निश्चित, तरी गाडी का नाही?

बंगळुरू शहरासाठी उपनगरी रेल्वे असावी, ही शिफारस प्रथम १९८३ मध्ये कागदावर आली. केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पास ऑक्टोबर २०२० मध्ये मान्यता दिली आणि २० जून २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची कोनशिला बसविण्यात आली. चाळीस वर्षे रखडलेले हे काम चाळीस महिन्यांत पूर्ण करण्याचा निर्धार त्या वेळी व्यक्त करण्यात आला होता. ही मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. २०२५ अखेरपर्यंत १४८ किलोमीटरपैकी एकाही टप्प्यावर प्रवासी गाडी धावली नव्हती.

याच काळात शहरात मेट्रोचे नवे मार्ग सुरू झाले, म्हैसूरकडे दहा पदरी महामार्ग तयार झाला आणि शहराखालून मोटारींसाठी भुयारी मार्ग काढण्याच्या योजनेने वेग घेतला. म्हणजे सरकारकडे पैसा नाही, असे म्हणता येत नाही. मग हा पैसा कोठून येतो, कोणत्या कामाला आधी मिळतो आणि तुलनेने स्वस्त असलेली योजनाच मागे का पडते, हे प्रश्न उरतात. पुणे, नाशिक, नागपूर यांसारख्या वाढत्या शहरांतील नागरिकांसाठीही त्यांची उत्तरे महत्त्वाची आहेत.

वाहतुकीचे ओझे

१९८१ च्या जनगणनेत बंगळुरू आणि परिसराची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. २०११ मध्ये ती सुमारे ८५ लाख झाली. त्यानंतर जनगणना झालेली नसली, तरी शहराचा विस्तार थांबलेला नाही. शहरात नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली असून त्यांत दुचाकींचे प्रमाण सर्वाधिक आहे.

वाहतुकीच्या वेगाचा जागतिक आढावा घेणाऱ्या टॉमटॉम या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीनुसार बंगळुरूत दहा किलोमीटर अंतर कापण्यास सरासरी ३४ मिनिटे १० सेकंद लागत होती. जगातील संथ शहरांत बंगळुरूचा क्रमांक तिसरा होता. कोलकाता दुसऱ्या स्थानी होते, तर ३३ मिनिटे २२ सेकंद वेळ घेणारे पुणे चौथ्या स्थानी होते. म्हणजे या बाबतीत पुणे बंगळुरूच्या अवघे ४८ सेकंद पुढे होते.

बंगळुरूचा रोजगार शहराच्या मध्यभागी एकवटलेला नाही. व्हाइटफिल्ड पूर्वेला, इलेक्ट्रॉनिक्स सिटी दक्षिणेला, पीण्याची औद्योगिक वसाहत वायव्येला आणि देवनहळ्ळीचा विमानतळ उत्तरेला आहे. घरभाडे परवडत नाही म्हणून अनेक कुटुंबे तुमकुरू, रामनगर, मालूर, बंगारपेट किंवा तामिळनाडूतील होसूर येथे राहतात आणि रोज कामासाठी शहरात येतात. एवढे लांबचे अंतर शहर बसने किंवा मेट्रोने पार पाडणे कठीण असते. मुंबईत कर्जत, कसारा, विरार येथील नोकरदारांसाठी जे काम लोकल करते, तेच काम येथे करणारी यंत्रणा नाही.

रूळ आहेत, लोकल नाही

बंगळुरूला रेल्वे नवी नाही. जोलारपेट्टैहून छावणी भागापर्यंतची गाडी १८६४ मध्ये सुरू झाली. म्हैसूरकडील मार्ग १८८२ मध्ये पूर्ण झाला. उत्तरेकडे हुबळी आणि पुण्याला जोडणारा मार्ग त्यानंतर सदर्न मराठा रेल्वेने बांधला. आज शहरातून बाहेर पडणारे लोहमार्ग म्हैसूर, तुमकुरू, दोड्डबळ्ळापूर, चिक्कबळ्ळापूर, बंगारपेट आणि होसूर या सर्व दिशांना जातात. वसाहती, बाजारपेठा आणि कारखाने यांच्या शेजारून जाणारे इतके लोहमार्ग हाती असणे हे कोणत्याही शहराचे मोठे भांडवल ठरावे.

मात्र हे मार्ग लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या यांच्यासाठी आहेत. दर दहा मिनिटांनी लोकल सोडायची असेल, तर तिला स्वतंत्र रूळ लागतात. तसे न केल्यास एक्स्प्रेस गाडीला वाट देण्यासाठी स्थानिक गाडी थांबवून ठेवावी लागते आणि मग नोकरदार तिच्यावर अवलंबून राहत नाही. जानेवारी २०२१ मध्ये विमानतळाजवळ एक छोटे थांबा-स्थानक सुरू करण्यात आले. विमानतळाकडे जाणाऱ्या टॅक्सीच्या भाड्याच्या तुलनेत तेथील तिकीट अगदी किरकोळ होते. पण गाड्या मोजक्या आणि त्यांच्या वेळा गैरसोयीच्या असल्याने विमानप्रवाशांनी ही सेवा फारशी स्वीकारली नाही. रूळ असणे आणि उपनगरी सेवा असणे यांतील फरक या एका उदाहरणावरून ध्यानात येतो.

चाळीस वर्षांचा प्रवास

१९८३ मध्ये दक्षिण रेल्वेच्या पथकाने मेट्रोचे दोन मार्ग आणि त्यांच्या जोडीला सुमारे ५८ किलोमीटरची उपनगरी रेल्वे असा आराखडा सुचविला होता. खर्चाचे कारण पुढे आले आणि तो बाजूला पडला. १९९४ मध्ये कर्नाटक सरकारने वेगळी कंपनी स्थापून हलक्या रेल्वेचा विचार सुरू केला. तोही मागे पडून मेट्रोचा पर्याय निवडण्यात आला. दिल्ली मेट्रोने तयार केलेल्या अहवालाच्या आधारे केंद्राने २००६ मध्ये मेट्रोला मंजुरी दिली आणि त्याच वर्षी २४ जून रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते पायाभरणी झाली.

दरम्यान १ एप्रिल २००३ रोजी हुबळी येथे मुख्यालय असलेली दक्षिण पश्चिम रेल्वे अस्तित्वात आली आणि बंगळुरू विभाग तिच्याकडे गेला. उपनगरी रेल्वेची मागणी नागरिकांचे गट करीतच होते. २०१२ मध्ये राइट्स या केंद्र सरकारच्या सल्लागार कंपनीने तिचा व्यवहार्यता अहवाल दिला. त्यावरही काही वर्षे निर्णय झाला नाही.

२०१६ हे वर्ष या प्रश्नाला कलाटणी देणारे ठरले. बसवेश्वर चौक ते हेब्बाळ असा ६.७ किलोमीटर लांबीचा पोलादी उड्डाणपूल सुमारे १,८०० कोटी रुपये खर्चून बांधण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला होता. त्यासाठी शेकडो झाडे तोडावी लागणार होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये हजारो नागरिकांनी रस्त्याच्या कडेला मानवी साखळी करून त्याला विरोध केला. मार्च २०१७ मध्ये सरकारने तो पूल रद्द केला. पूल नको असे सांगून हे नागरिक थांबले नाहीत. त्यांनी ‘चुकु बुकु बेकु’, म्हणजे ‘झुकझुक गाडी हवी’, अशी घोषणा देत उपनगरी रेल्वेची मोहीम हाती घेतली. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना जानेवारी २०१७ मध्ये रेल्वे आणि राज्य सरकार यांच्यात सामंजस्य करार झाला.

१ फेब्रुवारी २०१८ रोजी तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी अर्थसंकल्पी भाषणात बंगळुरूसाठी सुमारे १६० किलोमीटरच्या, १७ हजार कोटी रुपयांच्या उपनगरी जाळ्याचा उल्लेख केला. त्याच भाषणात मुंबईच्या लोकलसाठीही मोठ्या तरतुदींची घोषणा होती. २०२० च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी १४८ किलोमीटर आणि १८,६०० कोटी रुपये असे सुधारित आकडे दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १५,७६७ कोटी रुपयांच्या प्रकल्पास अंतिम मान्यता मिळाली. अशा रीतीने पहिल्या शिफारशीपासून मंजुरीपर्यंत ३७ वर्षे गेली.

चार मार्ग, चार फुले

प्रकल्पात चार मार्ग असून त्यांना कन्नड भाषेतील फुलांची नावे देण्यात आली आहेत. संपिगे, म्हणजे चाफा, हा मार्ग मुख्य बंगळुरू स्थानकापासून विमानतळामार्गे देवनहळ्ळीपर्यंत ४१.४० किलोमीटरचा आहे. मल्लिगे, म्हणजे मोगरा, बैय्यप्पनहळ्ळी ते चिक्कबाणावर असा २५.०१ किलोमीटर जातो. पारिजात केंगेरी ते व्हाइटफिल्ड असा ३५.५२ किलोमीटरचा आहे. कनक, म्हणजे अबोली, हा हीललिगे ते राजानुकुंटे असा ४६.२४ किलोमीटरचा सर्वांत लांब मार्ग आहे.

प्रकल्प राबविणारी कंपनी के-राइड या नावाने ओळखली जाते. तिचे ५१ टक्के भागभांडवल कर्नाटक सरकारचे आणि ४९ टक्के रेल्वे मंत्रालयाचे आहे. मराठी वाचकांना ही रचना ओळखीची वाटेल. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळाची घडण अशीच आहे, मात्र तेथे ५१ टक्के वाटा रेल्वेचा आणि ४९ टक्के महाराष्ट्राचा आहे. हा फरक वरवर किरकोळ दिसतो. मुंबईत महामंडळ रूळ टाकते आणि लोकल चालविण्याचे काम मध्य व पश्चिम रेल्वे पूर्वीप्रमाणे करतात. बंगळुरूत रूळ, स्थानके, गाड्या आणि सेवा हे सारेच नव्या कंपनीला उभे करायचे आहे. भाडेही रेल्वेच्या स्वस्त उपनगरी दराने नव्हे, तर मेट्रोच्या धर्तीवर आकारले जाईल, हे २०२० च्या अर्थसंकल्पातच स्पष्ट करण्यात आले होते.

पैसा कोठून येतो

अशा प्रकल्पांच्या खर्चाची विभागणी साधारणपणे २०-२०-६० या सूत्राने होते. वीस टक्के केंद्र देते, वीस टक्के राज्य देते आणि साठ टक्के कर्ज काढले जाते. १५,७६७ कोटी रुपयांवर हे सूत्र लावल्यास केंद्र आणि राज्य यांचा वाटा प्रत्येकी सुमारे ३,१५० कोटी आणि कर्ज सुमारे ९,४६० कोटी रुपये होते. यांपैकी मोठा भाग परदेशी विकास संस्थांकडून घेण्याचे ठरले. जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेने ५० कोटी युरो आणि युरोपीय गुंतवणूक बँकेने ३० कोटी युरो कर्ज देऊ केले आहे.

केंद्र आणि राज्य यांचा वाटा करदात्यांच्या पैशातून येतो आणि तो परत मिळण्याची घाई नसते. कर्जाचे तसे नाही. त्याचा व्याजदर बाजारापेक्षा कमी आणि परतफेडीची मुदत मोठी असली, तरी हप्ता ठरल्या दिवशी भरावाच लागतो. गाडी धावू लागली नाही, तर तिकिटाचे उत्पन्न येत नाही आणि मग हा भार राज्याच्या तिजोरीवर पडतो. काम जितके लांबते, तितका पोलाद, सिमेंट आणि मजुरी यांचा खर्च वाढतो. रुपयाची किंमत घसरल्यास युरोमधील कर्ज महाग पडते, हा वेगळाच भाग. विलंबाची किंमत अखेर प्रवासी आणि करदाता यांनाच मोजावी लागते.

मेट्रोचा अनुभव याची साक्ष देतो. पहिल्या टप्प्यासाठी ३३ किलोमीटरला ६,३९५ कोटी रुपयांची मंजुरी होती. पुढे लांबी ४२.३ किलोमीटर झाली, काम २०१७ पर्यंत लांबले आणि खर्च १३,८०० कोटींच्या घरात पोहोचला. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाडेनिश्चिती समितीच्या शिफारशीनुसार मेट्रोचे कमाल भाडे ६० वरून ९० रुपयांवर गेले. देखभालीचा खर्च आणि कर्जाचे हप्ते हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. या वाढीवर शहरात तीव्र प्रतिक्रिया उमटल्या आणि काही अंतरांसाठीची वाढ मर्यादित करावी लागली.

एका किलोमीटरची किंमत

कोणत्या कामावर किती पैसा लागतो, याची तुलना प्रतिकिलोमीटर खर्चाने करता येते. हे अंदाज वेगवेगळ्या वर्षांचे असल्याने तुलना काटेकोर नाही, पण त्यातून दिशा कळते. उपनगरी रेल्वेच्या १४८ किलोमीटरसाठी १५,७६७ कोटी म्हणजे किलोमीटरला सुमारे १०६ कोटी रुपये पडतात. ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालेल्या मेट्रोच्या तिसऱ्या टप्प्यात ४४.६५ किलोमीटरसाठी १५,६११ कोटी, म्हणजे किलोमीटरला सुमारे ३५० कोटी रुपये लागतील. हेब्बाळ ते सिल्क बोर्ड या सुमारे १७ किलोमीटरच्या नियोजित भुयारी मोटारमार्गाचा अंदाज १७,७०० कोटींच्या आसपास आहे. तो किलोमीटरला हजार कोटींच्या वर जातो.

याचा अर्थ असा, की भुयारी मार्गाच्या एका किलोमीटरच्या खर्चात, मूळ अंदाज धरल्यास, उपनगरी रेल्वेचे नऊ ते दहा किलोमीटर बांधता येतात. शिवाय मोटारींच्या एका मार्गिकेतून तासाला जितकी माणसे जातात, त्याच्या कितीतरी पट माणसे एक रेल्वेमार्ग वाहून नेतो. भुयारी मार्गाच्या समर्थकांचे म्हणणे असे, की शहरातील रस्ते रुंद करण्यास जागा नाही आणि मोटारींची संख्या कमी होण्याची चिन्हे नाहीत, म्हणून जमिनीखाली जाण्यावाचून गत्यंतर नाही. दुचाकीस्वार आणि बसप्रवासी हे शहरातील बहुसंख्य असताना इतका खर्च मोटारमालकांच्या सोयीसाठी का करावा, हा टीकाकारांचा प्रश्न आहे.

उपनगरी रेल्वे स्वस्त पडते, याचे मुख्य कारण जमीन. बहुतांश मार्ग सध्याच्या रुळांलगत, रेल्वेच्या मालकीच्या पट्ट्यातून जातो. ही जमीन प्रकल्पाला नाममात्र दराने मिळावी, अशी योजना आहे. नेमकी येथेच अडचण सुरू होते.

अडले कोठे

पहिली अडचण जमिनीच्या हस्तांतराची. रेल्वेला स्वतःच्या तिसऱ्या आणि चौथ्या रुळासाठी, यार्डासाठी आणि स्थानकांच्या विस्तारासाठी तीच जमीन लागते. भविष्यातील मुख्य मार्गाची गरज आणि आजच्या उपनगरी गाडीची गरज यांचा मेळ प्रत्येक पुलापाशी, प्रत्येक फाटकापाशी घालावा लागतो. एका स्थानकाच्या नकाशात बदल झाला, की पुढच्या पाच किलोमीटरच्या रुळांची आखणी बदलते. त्यात झाडे तोडण्याची परवानगी, खाजगी जमिनीचे संपादन आणि जलवाहिन्या व वीजवाहिन्या हलविण्याची कामे यांची भर पडते.

दुसरी अडचण कंत्राटांची. मल्लिगे मार्गाचे बांधकाम ऑगस्ट २०२२ मध्ये आणि कनक मार्गाचे त्यानंतर देशातील एका अग्रगण्य बांधकाम कंपनीकडे सोपविण्यात आले. जमीन वेळेवर ताब्यात मिळत नाही, या कारणावरून या कंपनीने २०२५ च्या मध्यास दोन्ही कामांतून अंग काढून घेतले आणि नुकसानभरपाई मागितली. के-राइडने ही भूमिका अमान्य केली. उरलेल्या कामासाठी पुन्हा निविदा काढण्याची वेळ आली. जमीन हाती नसताना कार्यादेश देण्याची घाई किती महागात पडते, याचे हे ठळक उदाहरण आहे. कोनशिला लवकर बसते, पण खांब वेळेवर उभा राहत नाही.

तिसरी अडचण दोन सरकारांच्या समन्वयाची. राज्य आणि केंद्र यांत वेगवेगळ्या पक्षांची सत्ता असली, की प्रत्येक विलंबाचे खापर दुसऱ्यावर फोडले जाते. कंपनीच्या प्रमुखपदी रेल्वेचा अनुभव असलेला पूर्णवेळ अधिकारी असावा, ही नागरिक गटांची मागणी दीर्घकाळ प्रलंबित राहिली. संपिगे मार्ग विमानतळाकडे जाणारा म्हणून सर्वांत लोकप्रिय होता. तो प्रत्यक्षात मागे पडला, कारण मेट्रोची निळी मार्गिकाही विमानतळापर्यंतच जाणार आहे आणि समांतर दोन मार्ग हवेत का, असा प्रश्न उपस्थित झाला.

बांधकाम पूर्ण होणे म्हणजे सेवा सुरू होणे नव्हे, हे मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेने दाखवून दिले. राष्ट्रीय विद्यालय रस्ता ते बोम्मसंद्र हा १९.१५ किलोमीटरचा मार्ग इलेक्ट्रॉनिक्स सिटीला जोडतो. रूळ आणि स्थानके तयार होऊनही डबे वेळेवर न आल्याने तो थांबून राहिला. १० ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी त्याचे उद्घाटन केले, तेव्हा केवळ तीन गाड्या हाती होत्या आणि दर २५ मिनिटांनी एक गाडी सुटत होती. त्याच दिवशी बंगळुरू-बेळगाव आणि नागपूर-पुणे या दोन वंदे भारत गाड्यांनाही हिरवा झेंडा दाखविण्यात आला.

रस्त्यांची बाजू

रेल्वे रखडते आणि रस्ते मात्र झपाट्याने होतात, असे म्हणणेही पूर्ण खरे नाही. मार्च २०२३ मध्ये खुला झालेला बंगळुरू-म्हैसूर महामार्ग ११९ किलोमीटरचा असून त्यावर ८,४८० कोटी रुपये खर्च झाला. त्याने प्रवासाचा वेळ निम्म्याच्या जवळपास आणला. पण याच दोन शहरांदरम्यान खाजगी भांडवलातून द्रुतगती मार्ग बांधण्याचा करार १९९७ मध्ये झाला होता. न्यायालयीन लढ्यांत अडकलेल्या त्या योजनेतून बंगळुरूभोवतीचा काही भागच प्रत्यक्षात आला. म्हैसूरपर्यंतचा मार्ग कधी झालाच नाही. अखेर सरकारी पैशातून जुन्या महामार्गाचेच रुंदीकरण करावे लागले.

शहराबाहेरील वर्तुळाकार रस्त्याची कथा अधिक वेदनादायक आहे. बंगळुरू विकास प्राधिकरणाने या रस्त्यासाठी २००५ मध्ये प्राथमिक आणि २००७ मध्ये अंतिम अधिसूचना काढली. रस्ता सुमारे ७३ किलोमीटरचा. अधिसूचना निघाली की जमीन विकता येत नाही, तिच्यावर घर बांधता येत नाही आणि बँक तिच्या तारणावर कर्ज देत नाही. अशा स्थितीत शेतकऱ्यांची एक पिढी सरली. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार भरपाई मिळावी, ही त्यांची मागणी होती. परंतु प्राधिकरणाच्या स्वतंत्र कायद्याखालील संपादनास २०१३ चा कायदा लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. आता हा रस्ता ‘बंगळुरू बिझनेस कॉरिडॉर’ या नव्या नावाने पुढे आला असून त्याच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग रस्त्यावर नव्हे, तर जमिनीवर होणार आहे. २००७ मध्येच भरपाई दिली असती, तर हा आकडा कितीतरी लहान राहिला असता.

या रस्त्याच्याही बाहेरून सुमारे २८० किलोमीटरचा उपनगर वर्तुळाकार महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण बांधत आहे. दोड्डबळ्ळापूर आणि होसकोटेकडील त्याचा टप्पा वाहतुकीस खुला झाला आहे. परगावची अवजड वाहने शहरात न आणता बाहेरूनच वळविणे, हा त्याचा उद्देश. पुण्याहून चेन्नईकडे जाणाऱ्या मालमोटारींनाही त्याचा लाभ होईल. त्याला पूरक म्हणून २८७ किलोमीटरच्या वर्तुळाकार रेल्वेमार्गाचा प्रस्तावही रेल्वेने मांडला आहे.

एकाच छत्राखाली?

बंगळुरूत बसगाड्या एक महामंडळ चालवते, मेट्रो दुसरी कंपनी चालवते, उपनगरी रेल्वे तिसरी कंपनी बांधते, मुख्य रेल्वे केंद्राच्या अखत्यारीत आहे, आणि रस्ते महापालिका, विकास प्राधिकरण व महामार्ग प्राधिकरण यांच्यात विभागलेले आहेत. मेट्रोतून उतरून बस पकडायची, तर थांबा कोठे असावा हेही दोन संस्थांनी मिळून ठरवावे लागते. यावर उपाय म्हणून कर्नाटक विधिमंडळाने २०२२ मध्ये बंगळुरू महानगर भूपरिवहन प्राधिकरणाचा कायदा संमत केला. सर्व वाहतूक योजनांचा एकत्रित आराखडा करणे आणि त्याच्याशी विसंगत खर्च रोखणे, हे त्याचे अपेक्षित कार्य आहे.

मात्र कायदा झाला म्हणजे अधिकार मिळाला, असे होत नाही. भुयारी मार्गासारखा मोठा निर्णय अशा प्राधिकरणाच्या आराखड्यातून येतो, की तो आधी होतो आणि आराखडा नंतर त्याला जुळवून घेतो, ही खरी कसोटी आहे. २०२५ मध्ये बृहन् बंगळुरू प्राधिकरण अस्तित्वात येऊन शहराची पाच महापालिकांत विभागणी झाली. त्यामुळे समन्वयाची गरज आणखी वाढली आहे.

महाराष्ट्रासाठी धडे

खडकवासला धरणावर स्वयंचलित दारे बसविणारे आणि पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव बैय्यप्पनहळ्ळीच्या नव्या रेल्वे टर्मिनसला देण्यात आले आहे. हे टर्मिनस बांधून तयार झाल्यावरही उद्घाटनाच्या प्रतीक्षेत वर्षभराहून अधिक काळ बंद राहिले आणि जून २०२२ मध्ये तेथून गाड्या सुटू लागल्या. त्याकडे येणारे रस्ते अरुंद असल्याची प्रवाशांची तक्रार तेव्हापासून आहे. एकाच स्थानकाच्या या अनुभवात बंगळुरूच्या वाहतुकीचे अनेक प्रश्न एकवटले आहेत.

पुणे आणि परिसरात आज हेच प्रश्न आहेत. पुणे-लोणावळा मार्गावर लोकल धावते, पण स्वतंत्र रुळांअभावी तिच्या फेऱ्या वाढविता येत नाहीत. तिसऱ्या आणि चौथ्या रुळाची मागणी अनेक वर्षांची आहे. मेट्रोचे मार्ग वाढत आहेत आणि शहराभोवती वर्तुळाकार रस्त्याचे कामही हाती घेण्यात आले आहे. बंगळुरूचा अनुभव पाहता तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. जमीन ताब्यात आल्याशिवाय कंत्राट देऊ नये. अधिसूचना काढल्यावर भरपाईस विलंब करू नये, कारण त्यात शेतकरी आणि सरकार दोघेही बुडतात. आणि जुने रूळ हाताशी असतील, तर कोट्यवधींच्या नव्या बांधकामाआधी त्यांचा पुरेपूर उपयोग करावा.

बंगळुरूत आता कनक आणि मल्लिगे मार्गांच्या उर्वरित कामांकडे लक्ष लागले आहे. ही कामे पुन्हा मार्गी लागली, तर हीललिगे, यलहंका, यशवंतपूर यांसारखी स्थानके एकमेकांना वेगवान गाडीने जोडली जातील आणि होसूर रस्त्यावरील ताण काही प्रमाणात हलका होईल. तोपर्यंत परगावाहून येणाऱ्या नोकरदाराला मोजक्या पॅसेंजर गाड्या आणि गर्दीच्या बस यांवरच विसंबावे लागेल. निधी मंजूर होणे ही पायाभूत सुविधेची सुरुवात आहे. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र ती सुविधा पहिली गाडी फलाटाला लागते त्या दिवशी अस्तित्वात येते, आणि बंगळुरूच्या उपनगरी रेल्वेचा तो दिवस अद्याप यावयाचा आहे.